आभाळातली रिकामी जागा

मुलांनो, तुमच्या गणिताच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो. ओळीने काही संख्या, मध्येच एक रिकामी चौकट आणि वर सूचना : आकृतिबंध ओळखा व रिकामी जागा भरा. ४, ७, १०, मग चौकट, मग १६. तुम्ही बोटांवर मोजता, तेरा लिहिता, बाई बरोबरची खूण करतात आणि तुम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळता.

मी म्हणतो, इतक्या घाईने वळू नका. याच प्रश्नाने मोठमोठ्या माणसांची झोप उडवली आहे. फक्त त्यांचे आकडे पुस्तकात छापलेले नव्हते, ते आभाळात होते. एकदा एका माणसाने ओळीतली पुढची संख्या ओळखली. ती खरी ठरली तेव्हा तो जाऊन सोळा वर्षं झाली होती. एकदा मधली रिकामी जागा भरायला चोवीस जणांना आकाश वाटून द्यायचं ठरलं. आणि एकदा एका सुंदर, सगळ्यांना पटलेल्या ओळीने भल्याभल्यांना फसवलं. या तिन्ही गोष्टी आज तुम्हाला सांगायच्या आहेत. पण त्याआधी थोडी पूर्वतयारी करू.

ओळ ओळखायची पहिली युक्ती म्हणजे वजाबाकी. शेजारशेजारच्या दोन संख्या घ्यायच्या आणि त्यांच्यातला फरक काढायचा. ५, ९, १३, १७ : फरक दर वेळी ४, म्हणजे पुढे २१. सोपं आहे. आता ही घ्या : १, ४, ९, १६, २५. फरक येतात ३, ५, ७, ९. फरक सारखे नाहीत म्हणून पेन्सिल खाली ठेवायची नाही. फरकांचीच एक नवी ओळ तयार झाली ना? मग तिचेही फरक काढा. २, २, २. सापडलं! पुढचा फरक ११, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६. कधीकधी फरकांनी काहीच उलगडत नाही. २, ६, १८, ५४ बघा. इथे वजाबाकी सोडून पट बघायची. प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या तिप्पट आहे.

इथपर्यंत तुम्हाला शाळेतही शिकवतात. यापुढचं मात्र जरा जमिनीवर बसून करायचं आहे. मूठभर चिंचोके आणा. नसतील तर राजमा चालेल. एक चिंचोका ठेवा. हा झाला एकाचा चौरस. आता त्याला दोन-दोनचा चौरस करायचा आहे. उजवीकडे एक ठेवा, खाली एक ठेवा आणि कोपऱ्यात एक. किती लागले? तीन. आता तीन-तीनचा चौरस करा. उजव्या कडेला दोन, खालच्या कडेला दोन, कोपऱ्यात एक. लागले पाच. चार-चारचा करताना उजवीकडे तीन, खाली तीन, कोपऱ्यात एक, म्हणजे सात. बघा हं, दर वेळी उजवी कड एकाने वाढते, खालची कड एकाने वाढते आणि कोपरा मात्र एकच राहतो. म्हणून फरक दर वेळी दोनाने वाढतो.

१, ४, ९, १६, २५ ही ओळ आपण आधी नुसती आकडे बघून ओळखली होती. तो अंदाज होता. आता ती वाढते कशी हे डोळ्यांनी दिसलं. हे झालं कारण. चिंचोके मांडल्यावर मी छातीठोकपणे सांगू शकतो की ही ओळ शंभराव्या संख्येलाही फसवणार नाही आणि लाखाव्यालाही नाही. अंदाज वेगळा आणि कारण वेगळं. माझ्या तिन्ही गोष्टी या एका भेदावर उभ्या आहेत, तेवढं ध्यानात ठेवा.

चला, आता लंडनला जाऊ, साल १६८२.

त्या काळी धूमकेतू दिसला की लोक घाबरत. आपल्याकडे घाबरत, युरोपात घाबरत, सगळीकडेच. राजा मरणार, युद्ध होणार, रोगराई येणार असं वाटायचं. भीतीचं खरं कारण एवढंच होतं की धूमकेतू न सांगता येई. सूर्य कधी उगवणार हे ठाऊक असतं, चंद्र कधी पूर्ण होणार हे ठाऊक असतं. हा शेपटीवाला मात्र कुठून येतो, कुठे जातो, पुन्हा दिसणार की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. १६८२ साली असाच एक धूमकेतू आला आणि पंचवीस वर्षांच्या एडमंड हॅलेने तो पाहिला.

हॅलेचा एक मित्र होता, आयझॅक न्यूटन. सूर्य ग्रहांना कसा ओढून धरतो, त्या ओढीमुळे ग्रह कोणत्या वाटेने फिरतात, हे न्यूटनने गणिताने मांडलं. १६८७ साली त्याचं जगप्रसिद्ध पुस्तक निघालं. ते छापायचा खर्च हॅलेने स्वतःच्या खिशातून केला, हे मला फार आवडतं. मग हॅलेच्या मनात आलं, ग्रह जर या नियमाने फिरतात तर धूमकेतू का नाही? तो जुनी दप्तरं उपसत बसला. पूर्वी कुणी धूमकेतू पाहून त्याची आकाशातली जागा नीट लिहून ठेवली असेल, तर त्यावरून त्याची वाट काढायची. अशा चोवीस धूमकेतूंच्या वाटा त्याने हाताने गणित करून काढल्या आणि १७०५ साली प्रसिद्ध केल्या.

त्या चोवीसांत तीन वाटा अगदी सारख्या निघाल्या. तिघेही ग्रहांच्या उलट दिशेने फिरणारे, तिघांच्याही वाटेचा कल तसाच. एक १५३१ सालचा, एक १६०७ चा आणि तिसरा त्याने स्वतः पाहिलेला १६८२ चा.

वही काढा आणि वजाबाकी करा. १६०७ वजा १५३१ किती? ७६. आणि १६८२ वजा १६०७? ७५.

फरक जवळजवळ सारखा आहे, पण अगदी सारखा नाही. एखादा म्हणाला असता, जाऊ दे, जुळत नाही, हे तीन वेगळे धूमकेतू असतील. हॅले तसं म्हणाला नाही. हा एका वर्षाचा घोळ कशाने होत असेल, असं त्याने विचारलं आणि त्याला उत्तर सुचलं. धूमकेतूला ओढणारा एकटा सूर्य नाही. वाटेत गुरू आहे, सगळ्या ग्रहांत मोठा आणि जड. धूमकेतू त्याच्या जवळून गेला तर गुरू त्याला जरासा खेचणार. कधी त्याने वाट थोडी लांबेल, कधी आखूड होईल. म्हणून फरकही थोडा मागेपुढे होणार. न जुळणाऱ्या त्या एका आकड्यातच हॅलेला कारण दिसलं. हे तिघे वेगळे नाहीत, एकच धूमकेतू तीनदा येऊन गेला आहे, असं त्याने जाहीर केलं. आणि तो पुन्हा १७५८ च्या अखेरीस किंवा त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला येईल, असंही सांगितलं.

१७५८ साली हॅले असता तर एकशे दोन वर्षांचा झाला असता. आपण ते पाहायला नसणार हे त्याला कळत होतं. धूमकेतू खरंच आला तर हे आधी एका इंग्रजाने सांगितलं होतं एवढं पुढच्या लोकांनी मान्य करावं, अशी इच्छा त्याने लिहून ठेवली. १७४२ साली तो वारला.

१७५८ उजाडलं तसे युरोपातले लोक आकाशाकडे डोळे लावून बसले. पॅरिसमध्ये तिघांनी कंबर कसली : अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत नावाच्या एक विदुषी. गुरू आणि शनी या धूमकेतूला किती खेचतील याचा हिशेब त्यांना करायचा होता. त्यासाठी मागच्या दीडशे वर्षांत हे दोन ग्रह वेळोवेळी कुठे होते ते काढायला हवं होतं. गणकयंत्र नव्हतं, होता कागद, शाई आणि चिकाटी. सहा महिने ते सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड करत होते, कधी जेवतानासुद्धा. शेवटी उत्तर निघालं : गुरूमुळे धूमकेतूला ५१८ दिवस उशीर होईल, शनीमुळे आणखी १००. एकूण ६१८ दिवस. तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला. आमची चूक झाली तर फार तर महिनाभराची असेल.

१७५८ च्या नाताळाच्या रात्री जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या एका खेड्यात योहान पालित्श नावाचा शेतकरी दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. आपल्या आपण खगोलशास्त्र शिकलेला माणूस. त्याला तो पहिल्यांदा दिसला! धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला १३ मार्च १७५९ ला. क्लेरोने सांगितल्यापेक्षा महिनाभर आधी. शेकडो वर्षं माणसाला घाबरवणारा पाहुणा पहिल्यांदा सांगितलेल्या वेळेला आला होता. तेव्हापासून त्याला हॅलेचा धूमकेतू म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. हीसुद्धा त्याच काळातली, पण हिची जात वेगळी आहे.

सूर्यापासून ग्रह किती लांब आहेत ते आकडे मोठाले असतात, म्हणून आपण सोपं करू. सूर्यापासून पृथ्वीचं अंतर १० धरा. त्या मापाने बुध ३.९ वर येतो, म्हणजे जवळजवळ ४. शुक्र ७.२ वर, म्हणजे साधारण ७. पृथ्वी १०. मंगळ १५.२. गुरू ५२. शनी ९५. त्या वेळी एवढेच ग्रह माहीत होते.

१७६६ साली जर्मनीतल्या विटेनबर्गच्या योहान टिटियस नावाच्या प्राध्यापकाने एक ओळ लिहिली. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६. पहिलं शून्य सोडा, पुढे प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या दुप्पट आहे. आता प्रत्येकीत ४ मिळवायचे. काय येतं? ४, ७, १०, १६, २८, ५२, १००.

ही ओळ ग्रहांच्या अंतरांशेजारी ठेवा. ४ म्हणजे बुध. ७ म्हणजे शुक्र. १० म्हणजे पृथ्वी. सुरुवातीला मी तुम्हाला ४, ७, १० ही ओळ मुद्दाम दिली होती. तुमच्या वहीत पुढे १३ आले, पण आभाळात तेरावर कुणी नाही. तिथे पुढचा आकडा १६, आणि मंगळ १५ च्या थोडा पुढे. मग ५२ वर गुरू, बरोब्बर. १०० च्या अलीकडे शनी. किती छान जुळतं! फक्त २८ वर कुणीच नाही. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक रिकामी चौकट.

१७७२ साली योहान बोड नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने ही ओळ उचलून धरली. निर्मात्याने इथे जागा रिकामी ठेवली असेल का, असं तो विचारू लागला. पुष्कळांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. मग १७८१ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावात विल्यम हर्शेल नावाच्या संगीतकाराला घराच्या बागेतून, स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून एक नवाच ठिपका दिसला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. निघाला ग्रह, युरेनस. आपल्याकडच्या जन्मपत्रिकांत त्याला आजही हर्षल म्हणतात, ते या हर्शेलवरून. आता टिटियसची ओळ पुढे न्या. ९६ ची दुप्पट १९२, त्यात ४ मिळवले की १९६. आणि युरेनसचं अंतर निघालं १९२! ओळ मांडणाऱ्यांना हा ग्रह माहीतही नव्हता आणि तो जवळपास ओळीने सांगितलेल्या जागी सापडला. आता कोण शंका घेणार? सगळ्यांना खात्री पटली की २८ वर काहीतरी असलंच पाहिजे.

१८०० साली जर्मनीत काही खगोलशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी शोधाची व्यवस्था लावली. ग्रह राशिचक्राच्या पट्ट्यातून फिरतात. हा पट्टा ३६० अंशांचा. त्याचे चोवीस भाग करायचे आणि एकेक भाग एकेका निरीक्षकाला द्यायचा. एकाच्या वाट्याला किती अंश? करा भागाकार, पंधरा.

त्या चोवीस जणांच्या यादीत इटलीतल्या पालेर्मोच्या ज्युसेप्पे पियाझ्झी या धर्मगुरूंचंही नाव होतं. पण निमंत्रण त्यांच्या हाती पडायच्या आतच, १ जानेवारी १८०१ च्या रात्री, ताऱ्यांचा नकाशा तयार करता करता त्यांना वृषभ राशीत एक मंद ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री तो थोडा सरकला होता. तिसऱ्या रात्री आणखी थोडा. तारे आपापल्या जागा सोडून असे सरकत नाहीत! सुमारे सहा आठवडे पियाझ्झी नोंदी करत राहिले. मग ते आजारी पडले, आणि तो ठिपकाही सूर्याच्या झगमगाटात शिरून दिसेनासा झाला. त्याला शोधायचं कुठे? आकाश केवढं मोठं, ठिपका केवढा लहान.

तेव्हा चोवीस वर्षांचा कार्ल गाऊस पुढे आला. याची लहानपणची एक गोष्ट सांगतात. गुरुजींनी वर्गाला १ ते १०० ची बेरीज करायला सांगितली आणि या पोराने क्षणात ५०५० लिहून पाटी ठेवली. कसं केलं? १ आणि १००, बेरीज १०१. २ आणि ९९, बेरीज १०१. ३ आणि ९८, तीच. अशा पन्नास जोड्या. ५० गुणिले १०१. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, युक्ती मात्र सोळा आणे खरी आहे. आज घरी १ ते २० वर करून बघा. तर त्या गाऊसने पियाझ्झींच्या थोड्याशा नोंदींवरून हरवलेल्या ठिपक्याची वाट काढली आणि आता तो कुठे असेल ते सांगितलं. १८०१ च्या डिसेंबरात तो त्याच जागेजवळ पुन्हा सापडला. पियाझ्झींनी त्याला सेरेस हे नाव दिलं होतं, रोमन लोकांच्या धान्याच्या देवीचं. त्याचं सूर्यापासूनचं अंतर? २७.७. ओळीने सांगितलं होतं २८.

सेरेस फारच लहान निघालं. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जेवढं जावं लागतं तेवढाही त्याचा व्यास नाही, साधारण ९४० किलोमीटर. पुढच्या सहा वर्षांत त्याच पट्ट्यात पॅलास, जुनो आणि व्हेस्टाही सापडले, आणि मग तिथे असे असंख्य लहान गोळे आणि दगडधोंडे आहेत हे कळत गेलं. लघुग्रहांचा पट्टा म्हणतात तो हाच. चौकट भरली होती.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण खरी गोष्ट पुढे आहे.

२३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये योहान गाल याला नेपच्यून सापडला. युरेनस आपल्या वाटेवरून किंचित भरकटतो, म्हणजे त्याला पलीकडून कुणीतरी ओढत असणार, असा हिशेब फ्रान्समध्ये ल व्हेरिए याने केला होता आणि आकाशात कुठे बघायचं ते पत्राने कळवलं होतं. पत्र मिळालं त्याच रात्री ग्रह दिसला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत.

आता टिटियसची ओळ काय म्हणते? १९२ ची दुप्पट ३८४, अधिक ४, म्हणजे ३८८. नेपच्यूनचं खरं अंतर भरलं ३०१. चार-पाचचा फरक असता तर चालवून घेतला असता, पण हा सत्त्याऐंशीचा फरक! आठ वेळा जुळलेली ओळ नवव्या वेळी साफ चुकली.

का चुकली? कारण ती जुळत का होती हेच कुणाला सांगता येत नव्हतं. ग्रहाचं अंतर दुप्पट दुप्पट का व्हावं? त्यात ४ च का मिळवायचे? उत्तर नाही. आणि तुमच्यातल्या एखाद्या चौकस पोराने मघाशीच हात वर केला असेल : आजोबा, शून्याची दुप्पट शून्यच होते, मग ० च्या पुढे ३ कसे आले? शाब्बास! बुधाला ओळीत बसवण्यासाठी ते शून्य पुढे चिकटवलं होतं. माझ्या मते शंका यायला तेवढी जागा पुरेशी होती. हॅलेची ओळ नीट जुळतसुद्धा नव्हती, ७६ आणि ७५, तरी ती टिकली, कारण तिच्या मागे सूर्याची आणि गुरूची ओढ होती. टिटियसची ओळ इतकी देखणी, पण तिच्या मागे कुणालाही कारण दाखवता आलेलं नाही. आजचे खगोलशास्त्रज्ञ तिला निसर्गाचा नियम मानत नाहीत. पण तिच्यामुळे माणसं एकत्र येऊन शोधाला लागली, एवढं श्रेय मी तिला जरूर देईन.

अशी फसवी ओळ तुम्हाला स्वतः पाहायची आहे? एक ताट उपडं ठेवा आणि कागदावर मोठं वर्तुळ काढा. कडेवर एक ठिपका द्या. जोडायला दुसरा ठिपका नाही, म्हणून वर्तुळाचा भाग एकच. दोन ठिपके देऊन रेघेने जोडा : भाग २. तीन ठिपके देऊन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडा : भाग ४. चार ठिपके : ८. पाच ठिपके : १६. दरेक वेळी नवं वर्तुळ घ्या, नाहीतर गोंधळ उडेल.

१, २, ४, ८, १६. आता सहा ठिपक्यांना किती? सगळा वर्ग एका आवाजात म्हणेल, बत्तीस. म्हणू द्या. तुम्ही ठिपके कमीजास्त अंतरावर द्या, म्हणजे तीन रेघा एकाच जागी एकमेकींना कापणार नाहीत, आणि सगळ्या रेघा ओढून प्रत्येक भागात आकडा लिहीत जा. ३१ भरतील. पुन्हा मोजा. एकतीसच. बत्तिसावा भाग हरवलेला नाही, तो मुळात नव्हताच.

कारण शोधू. कोऱ्या वर्तुळात भाग एक. एक रेघ ओढली की एक भाग वाढतो. ती रेघ आधीच्या एखाद्या रेघेला कापते तिथे फुली होते, आणि दर फुलीला आणखी एक भाग वाढतो. म्हणजे भाग काढायचे असतील तर १ घ्या, त्यात रेघा मिळवा आणि फुल्या मिळवा. पाच ठिपक्यांना रेघा १०, फुल्या ५, अधिक १, झाले १६. सहा ठिपक्यांना रेघा १५, फुल्या १५, अधिक १, झाले ३१. दुपटीचा यात कुठे संबंधच नाही. सुरुवातीचे पाच आकडे योगायोगाने दुपटीच्या ओळीशी जुळले एवढंच. सात ठिपक्यांना रेघा २१ आणि फुल्या ३५ होतात. भाग किती, ते तुम्ही काढा, आणि मग मोठ्या कागदावर मोजून ताळा करा. शिक्षकांना आणि आईवडिलांना माझं सांगणं आहे, मुलाने रिकामी जागा बरोबर भरली तरी लगेच पान उलटू नका. हे उत्तर का आलं, एवढं एकदा विचारा आणि ते विचार करत असताना गप्प बसा.

हॅलेच्या धूमकेतूकडे मला पुन्हा वळायचं आहे, कारण त्याची ओळ अजून चालू आहे. १६८२, १७५९, १८३५, १९१०, १९८६. फरक काढा : ७७, ७६, ७५, ७६. १९८६ साली तो आला तेव्हा पृथ्वीपासून बराच लांब राहिला, त्यामुळे फार मंद दिसला. मग तो पुन्हा अंधारात गेला आणि नेपच्यूनच्याही पलीकडे पोहोचून ९ डिसेंबर २०२३ ला मागे वळला. आता तो आपल्या दिशेने येतो आहे. २८ जुलै २०६१ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल, आणि या खेपेला १९८६ पेक्षा कितीतरी तेजस्वी दिसेल. २०६१ च्या पुढे काय? तुम्ही ७५ नाहीतर ७६ मिळवाल. पण ग्रहांच्या ओढीचा हिशेब करून खगोलशास्त्रज्ञांनी काढलेलं साल आहे २१३४. फरक फक्त ७३.

२०६१ मधून तुमचं जन्मवर्ष वजा करा, म्हणजे तेव्हा तुमचं वय किती असेल ते कळेल. जुलै म्हणजे महाराष्ट्रात ऐन पावसाळा, ढगांमुळे इथून दिसेलच असं नाही. लडाखमध्ये हानले इथे आपल्या देशाची वेधशाळा आहे. तिथे पाऊस अगदी थोडा आणि रात्री काळ्याकुट्ट. जमलं तर त्या जुलैत तिकडे जा, आणि बरोबर वजाबाकी येणारं एखादं लहान मूल न्या.